दोन निबंध आणि एक अपूर्णांक

आमच्यापुढें आज परीक्षणासाठीं दोन निबंध आहेत. दोहोंचा विषय एक, लेखकवर्ग बहुतांशीं एक, आणि ज्या सामग्रीवर ते रचले आहेत ती सामग्रीहि एकच. तथापि पहिल्यानें जें प्रतिपादन केलें तें दुसऱ्यानें मागें घेतलें आहे. पहिला निबंध मार्च २०२१ मध्यें जाहीर झाला व २०२२ सालीं ‘नेचर फिजिक्स’ या नियतकालिकांत छापला गेला. दुसरा डिसेंबर २०२२ मध्यें जाहीर होऊन पुढील वर्षीं ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या दोन शाखांत, एकींत संक्षिप्त व दुसरींत विस्तृत रूपानें, प्रसिद्ध झाला. दोन्ही निबंध जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेंत काम करणाऱ्या ‘एलएचसीबी’ नांवाच्या प्रयोगमंडळाचे आहेत. या मंडळांतील लेखकांची संख्या हजाराच्या घरांत जाते व त्यांचीं नांवें वर्णानुक्रमानें दिलेलीं असतात. म्हणून कोणत्या ओळीचें श्रेय वा अपश्रेय कोणास द्यावें हें वाचकास कळूं शकत नाहीं.

वाङ्मयाची चर्चा करणाऱ्या मासिकानें असल्या निबंधांच्या वाटेस कां जावें, असें कोणी विचारील. आमचें उत्तर सरळ आहे. लेखकानें काय पाहिलें, जें पाहिलें तेवढेंच लिहिलें कीं त्याहून अधिक, शब्दावर त्याला पेलेल त्यापेक्षां जास्त भार घातला काय, हे टीकाकाराचे नेहमींचे प्रश्न आहेत. काव्य-नाटकांना हे प्रश्न विचारले असतां उत्तरें नेहमींच वादग्रस्त राहतात. या दोन निबंधांच्या बाबतींत मात्र उत्तर निसर्गानें स्वतः दिलें आहे, आणि तें लेखकांनींच उघडपणें लिहून ठेवलें आहे. टीकाकारास अशी संधि वारंवार येत नाहीं.

प्रथम विषयाची ओळख करून घेऊं. अणूच्या गर्भांतील प्रोटॉन व न्यूट्रॉन हे क्वार्क नांवाच्या अधिक मूलभूत कणांचे बनलेले आहेत. क्वार्कांच्या सहा जाति असून त्यांपैकीं चार्म, बॉटम व टॉप या तीन जड म्हणून ओळखल्या जातात. बॉटम या नांवाऐवजीं ‘ब्यूटी’, म्हणजे सौंदर्य, असेंहि नांव रूढ आहे. प्रयोगमंडळाच्या नांवांतील अखेरचें ‘बी’ हें अक्षर त्या सौंदर्याचेंच आद्याक्षर होय. हा सौंदर्य-क्वार्क ज्याच्या पोटांत आहे असा ‘बी’ कण प्रोटॉनच्या पांचपटींहून अधिक जड असतो. साध्या पदार्थांत तो सांपडत नाहीं. तो निर्माण करण्यासाठीं २७ किलोमीटर परिघाच्या भूमिगत वर्तुळांत प्रोटॉनांचे दोन प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनीं फिरवून एकमेकांवर आदळवावे लागतात. या यंत्रास ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ असें म्हणतात.

जन्मलेला ‘बी’ कण किती काळ जगतो? एका सेकंदाचे एक लक्ष कोटि भाग केले तर त्यांतील सुमारें दीड भाग. परंतु त्याचा वेग प्रकाशाच्या वेगास इतका लागून असतो कीं एवढ्या आयुष्यांतहि तो सरासरी सेंटिमीटरभर वाट चालून जातो, आणि मग फुटून हलक्या कणांत विखुरतो. त्या विखुरलेल्या कणांचे माग टिपण्यासाठीं सिलिकॉनच्या पातळ चकत्या प्रवाहापासून अवघ्या ८ मिलिमीटरवर आणून ठेवलेल्या होत्या. सारांश, ज्या कणाचे गुण मोजावयाचे तो कण कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं; त्याच्या मागें जें उरतें त्यावरून त्याचें चरित्र लिहावयाचें असतें. चरित्रकाराच्या कामांतील सर्व धोके या कामांत आहेत.

निबंधांचा मुख्य प्रश्न असा. इलेक्ट्रॉन व म्यूऑन हे दोन कण सख्ख्या भावंडांसारखे आहेत. म्यूऑन सुमारें २०७ पटींनीं जड, एवढाच काय तो भेद. ‘स्टँडर्ड मॉडेल’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सर्वमान्य सिद्धांताप्रमाणें वजनाचा परिणाम सोडला तर निसर्ग या दोघांत पंक्तिप्रपंच करीत नाहीं. ‘बी’ कण कधींकधीं असा फुटतो कीं त्यांतून एक केऑन व म्यूऑनांची एक जोडी बाहेर पडते. कधीं म्यूऑनांच्या जागीं इलेक्ट्रॉनांची जोडी येते. हा प्रकार वीस लक्ष कणांतून एखाद्याच्याच वांट्यास येतो. पहिल्या प्रकारास दुसऱ्यानें भागिलें असतां जो अपूर्णांक येतो त्यास ‘आर-के’ म्हणतात. निसर्ग निःपक्षपाती असेल तर हा अपूर्णांक जवळजवळ १ आला पाहिजे.

तो १ येईना. २०१४ सालीं याच मंडळानें तो ०.७४५ असल्याचें जाहीर केलें. अनिश्चितता सुमारें ०.०८ होती. २०१९ सालीं अधिक सामग्री घेऊन तो ०.८४६ ठरला, अनिश्चितता ०.०६ च्या आसपास. आणि २०२१ च्या निबंधांत, म्हणजे आमच्यापुढील पहिल्या निबंधांत, २०११ ते २०१८ या कालांतील सर्व टकरींचा हिशेब करून पुन्हां ०.८४६ हाच आंकडा आला. अनिश्चितता मात्र ०.०४२ पर्यंत उतरली. वाचकांनीं या ठिकाणीं क्षणभर थांबावें. दोन वर्षांत आंकडा तिळभरहि हलला नाहीं. शंकेचें क्षेत्र तेवढें आटलें, आणि तेवढ्यानेंच निबंधाचा सूर बदलला. २०१९ मध्यें जें केवळ कुतूहलाचें होतें तें २०२१ मध्यें ‘पुरावा’ या पदवीस चढलें.

पहिल्या निबंधाचे गुण आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. त्याचें शीर्षक नेमस्त आहे: सौंदर्य-क्वार्कांच्या विघटनांत एका नियमाची कसोटी घेतली, एवढेंच तें सांगतें. रचना चिरेबंदी आहे. इलेक्ट्रॉन पकडणें म्यूऑन पकडण्यापेक्षां कठीण. कारण इलेक्ट्रॉन हलका असल्यामुळें वळतांना व पदार्थांतून जातांना प्रकाशकण उधळीत जातो व त्याची ऊर्जा नीट हातीं लागत नाहीं. म्हणूनच निबंधांत म्यूऑनांच्या सुमारें ३८५० घटना आहेत, तर इलेक्ट्रॉनांच्या सुमारें १६४०. ही विषमता यंत्राची आहे कीं निसर्गाची, हें ओळखण्यासाठीं लेखकांनीं एक सुंदर युक्ति योजिली. ‘जे-साय’ नांवाचा चार्म-क्वार्काचा कण इलेक्ट्रॉनांत व म्यूऑनांत सारख्याच प्रमाणांत फुटतो, हें अन्य प्रयोगांवरून पक्कें ठाऊक आहे. तेव्हां त्याच यंत्रांत त्याचें गुणोत्तर काढावें. तें १ आलें तर यंत्राची पारख बरोबर ठरते. तें ०.९८१ आलें, अनिश्चितता ०.०२०. कसोटी उतरली. यापेक्षां अधिक प्रामाणिक व्यवहार कोणीं काय करावयाचा?

आमचा आक्षेप एका शब्दापुरता आहे, पण तो शब्द निबंधाच्या सारांशांतच बसविलेला आहे. या शास्त्रांत अशी वहिवाट आहे कीं अपेक्षेपासूनचें अंतर तीन प्रमाण-विचलनांपलीकडे गेलें तर ‘पुरावा’ म्हणावें व पांचांपलीकडे गेलें तरच ‘शोध’ म्हणावें. येथें अंतर ३.१ होतें. वहिवाटीप्रमाणें शब्द बिनचूक आहे. परंतु ३.१ या आंकड्याचा अर्थ काय? नियम खरा असतांना केवळ दैवयोगानें एवढा फरक दिसण्याचा संभव हजारांत एक, इतकाच. हें माप दैवाचें आहे, अज्ञानाचें नव्हे. ज्या चुकीची लेखकास कल्पनाच नाहीं तिचा अंश या हजारांत एकांत धरलेला नसतो. लोकभाषेंतला पुरावा न्यायासनापुढें आरोपीस शिक्षा देववितो. या निबंधांतला पुरावा अधिक चौकशीचा हुकूम सोडण्यापुरताच समर्थ होता. हा भेद तज्ज्ञ जाणून होते. बाहेरचा वाचक जाणत नव्हता, आणि त्यास तो कोणीं समजावूनहि दिला नाहीं. निसर्गाच्या सर्वमान्य सिद्धांतास तडा गेला, अशा मथळ्यांखालीं जगभरच्या वृत्तपत्रांनीं ती वार्ता पसरविली. आणि या अपूर्णांकाच्या आधारावर नव्या बलांचे व नव्या कणांचे मनोरे सिद्धांतकारांनीं कित्येक वर्षें अगोदरपासूनच रचण्यास आरंभ केला होता.

आतां दुसऱ्या निबंधाकडे वळूं. त्यांत तीच सामग्री नव्यानें तपासली, एकाच वेळीं चार गुणोत्तरें काढलीं, आणि इलेक्ट्रॉन म्हणून मोजलेल्या कणांची ओळख पुन्हां पडताळून पाहिली. तेव्हां असें आढळलें कीं त्या पंक्तींत कांहीं तोतये शिरले होते. पायॉन व केऑन हे कण क्वचित्प्रसंगीं शोधयंत्रांत इलेक्ट्रॉनासारखी खूण उमटवितात. असे तोतये नगण्य असतील असा पूर्वींचा हिशेब होता. तो चुकला होता. तोतयांमुळें इलेक्ट्रॉनांची गणती फुगली. भाजक फुगला म्हणजे भागाकार घटतो. आणि तो घटलेला भागाकार निसर्गाचा पक्षपात म्हणून वाचला गेला. ओळख अधिक कडक केली, उरलेल्या तोतयांची संख्या प्रत्यक्ष सामग्रीवरूनच ठरविली, आणि अपूर्णांक ०.९४९ झाला. चारी गुणोत्तरें एकत्र पाहतां त्यांचा सिद्धांताशीं उत्तम मेळ बसतो.

मग ‘जे-साय’ची ती सुंदर कसोटी कशी फसली? ती फसली नाहीं. तिला जें विचारलें होतें त्याचेंच तिनें उत्तर दिलें. ‘जे-साय’च्या मार्गानें येणारे खरे इलेक्ट्रॉन या दुर्मिळ घटनांच्या शंभरपटींहून अधिक असतात. तेवढ्या गर्दींत मूठभर तोतये दिसेनासे होतात. दुर्मिळ घटनांच्या विरळ पंक्तींत मात्र तेच मूठभर तोतये निकाल फिरवितात. सराफाच्या कसोटीवर सोन्याचा कस कळतो, पण तागडीच्या एका पारड्याखालीं चिकटलेलें मेण तिच्यावर कळत नाहीं. आणि तेवढें मेण शेरभर सोनें तोलतांना ध्यानांत येत नाहीं, गुंजभर तोलतांना मात्र व्यवहार बुडवितें. पहिल्या निबंधाचा दोष अप्रामाणिकपणाचा नव्हता. एका कसोटीवर उतरलें म्हणून सर्व कसोट्यांवर उतरलें असें मानण्याचा तो दोष होता. हा दोष ज्याच्या हातून कधींच घडला नाहीं असा टीकाकार आम्हांस तरी माहीत नाहीं.

या दोन निबंधांचें खरें परीक्षण मुख्य आंकड्यांचें नव्हे, त्यांच्यामागें येणाऱ्या ‘अधिकउणें’च्या आंकड्यांचें झालें पाहिजे. त्या आंकड्याचे दोन भाग असतात. एक भाग घटना मोजक्या असल्यामुळें येणाऱ्या अनिश्चिततेचा; तो दोन्ही निबंधांत जवळजवळ सारखाच, ०.०४२ च्या घरांत आहे, कारण सामग्री तीच. दुसरा भाग पद्धतीच्या दोषांचा. पहिल्या निबंधांत तो सुमारें ०.०१३ होता, दुसऱ्यांत तो ०.०२२ झाला. म्हणजे अधिक अभ्यास करून, अधिक काळजी घेऊन लेखक आपल्या पद्धतीविषयीं कमी नव्हे तर अधिक साशंक झाले! वरवर पाहणारास ही पीछेहाट वाटेल. आमच्या मतें या दोन निबंधांतील सर्वांत मोलाची ओळ हीच आहे. पहिल्या वेळीं स्वतःच्या अज्ञानाची जी किंमत सांगितली होती ती फारच स्वस्त होती, ०.८४६ आणि ०.९४९ यांतील अंतर ०.१ हून अधिक, म्हणजे पूर्वीं कबूल केलेल्या एकंदर अनिश्चिततेच्या दुपटीहूनहि मोठें आहे. दुसऱ्या वेळीं तें अज्ञान खऱ्या भावानें खतावलें गेलें.

आंकड्यास मर्यादा सांगितल्याखेरीज तो आंकडा नव्हे, हें तत्त्व आम्हां मराठी वाचकांस अगदींच नवें नाहीं. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड प्रसिद्ध करतांना बखरींची जी झडती घेतली तिचें मर्म हेंच होतें कीं ऐकीव मजकुरास अस्सल पत्रांच्या कसास लावल्यावांचून प्रमाण मानूं नये. फरक एवढाच कीं बखरकाराची झडती परक्या पिढीनें घेतली. येथें झडती देणारे व घेणारे तेच आहेत.

सौंदर्य-क्वार्काच्या जन्मकथेंतहि अशी एक चूक आहे. १९७६ सालीं अमेरिकेंतील फर्मी प्रयोगशाळेंत लिऑन लेडरमन यांच्या मंडळानें, प्रोटॉन स्थिर धातूवर आदळवून, सुमारें ६ गीगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट वस्तुमानाचा नवा कण दिसल्याचें प्रसिद्ध केलें व त्यास ‘अप्सिलॉन’ हें नांव सुचविलें. अधिक सामग्री आली तेव्हां तो कण नाहींसा झाला; विनोदी सहकाऱ्यांनीं लेडरमन यांच्या नांवाशीं जुळवून त्यास ‘ऊप्स-लिऑन’ म्हटलें. परंतु तेंच मंडळ काम करीत राहिलें आणि १९७७ सालीं ९.५ गीगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ खरा कण सांपडला. सौंदर्य-क्वार्काचें तें पहिलें दर्शन. अप्सिलॉन हें नांव त्यासच देण्यांत आलें. चुकीनें नांव दिलें व सत्यानें तें स्वीकारलें, असा हा प्रसंग आहे. आणि चूक कबूल करण्यानें मंडळाचें कांहीं गेलें नाहीं हेंहि त्यावरून दिसतें.

तुलनेसाठीं आणखी एक निबंध डोळ्यांपुढें ठेवणें न्याय्य होईल. जपानांतील त्सुकुबा येथें इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवून ‘बी’ कण निर्माण करणाऱ्या ‘बेल’ प्रयोगानें २०२१ मध्येंच या गुणोत्तराचें आपलें मापन प्रसिद्ध केलें. त्या प्रयोगांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांचाहि वांटा आहे. तेथें उत्तर १ च्या अगदीं जवळ आलें, पण अनिश्चितता पाव एककाएवढी होती. एवढ्या विशाल शंकेमुळें त्याकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. आमचें म्हणणें असें नाहीं कीं त्या मोठ्या शंकेचा निबंध अचूक शंकेच्या निबंधापेक्षां श्रेष्ठ. त्यांत सामग्रीच थोडी होती, आणि त्यावरून ०.८४६ हि त्याज्य ठरत नव्हता. परंतु जो जें जाणतो तेवढेंच बोलतो त्याच्याकडे सभेंत कोणी मान वळवून पाहत नाहीं, ही सभेची संवय आहे, आणि तिचे तोटे सभेलाच सोसावे लागतात.

दुसऱ्या निबंधाचीहि आम्ही सरसकट स्तुति करणार नाहीं. तोतये कोठून आले, ओळख कडक केल्यानें अपूर्णांक किती सरकला, उरलेल्यांचा हिशेब घेतल्यानें किती, याची फोड विस्तृत निबंधांत आहे. ती चोख आहे. पण ज्या प्रश्नासाठीं वाचक तो निबंध उघडतो त्याचें उत्तर त्यांत नाहीं. २०१४ पासून २०२२ पर्यंत आठ वर्षें ही गोष्ट नजरेआड कशी राहिली? आंकडा मनोवांछित दिशेस झुकत असतां तपासणीची धार बोथट होते काय? शेंकडों बुद्धिमान माणसें एकत्र असतां शंका घेण्याचें काम प्रत्येकानें दुसऱ्यावर सोंपविलें असें कांहीं झालें काय? शास्त्रीय निबंधाची ही रीत नव्हे, हें आम्हांस ठाऊक आहे. कर्मणि प्रयोगाच्या पडद्याआड कर्ता लपविणें हीच तेथील शिष्ट पद्धति. तथापि पडद्याआडचा इतिहास कोणी कर्त्यानें पुढें येऊन लिहील तर तो कोणत्याहि आत्मचरित्राहून कमी वाचनीय होणार नाहीं.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. ‘आर-के’चा प्रश्न मिटला म्हणून सौंदर्य-क्वार्काचे सर्व प्रश्न मिटले असें नाहीं. ‘बी’ कणाचें म्यूऑनांत विघटन किती वेळां होतें व त्यांतील कण कोणत्या कोनांनीं विखुरतात, याचीं मापनें अद्याप सिद्धांताच्या हिशेबाशीं पुरतीं जुळलेलीं नाहींत. टाऊ या तिसऱ्या, सर्वांत जड भावंडाच्या बाबतींतहि असाच फरक शिल्लक आहे. त्यांत नवें सत्य दडलें आहे कीं नवे तोतये, हें आज कोणी सांगूं नये. मोजणें चालू आहे.

राहतां राहिला आमचा, म्हणजे वाचकांचा व टीकाकारांचा, भाग. मार्च २०२१ ची वार्ता ज्यांनीं आवडीनें वाचली त्यांपैकीं किती जणांनीं डिसेंबर २०२२ ची वाचली असेल? पहिलीस मथळा मिळाला, दुसरीस कोपरा. घरोघरीं शास्त्र शिकणारीं मुलें आहेत. त्यांस आपण शोधांच्या गोष्टी हौसेनें सांगतों, पण मागें घेतलेल्या शोधाची गोष्ट सांगत नाहीं. परिणामीं चूक दुरुस्त करणें म्हणजे नामुष्की, असा समज त्यांच्या मनांत नकळत रुजतो. आणि मग एके दिवशीं ‘शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्यां दुसरें’ असें म्हणून सगळेंच शास्त्र उडवून लावणारा कोणी भेटला कीं त्यास देण्याजोगें उत्तर त्यांच्यापाशीं नसतें. उत्तर या दोन निबंधांत आहे. आज एक व उद्यां दुसरें सांगणारा आणि उद्यां कां दुसरें सांगितलें याचा पैचा हिशेब देणारा, यांत महदंतर आहे.

आणि टीकाकारांविषयीं काय सांगावें! आम्ही या पृष्ठांत एखाद्या कवीस थोर व दुसऱ्यास सामान्य ठरवितों तेव्हां आमच्या निर्णयामागें ‘अधिकउणें’ किती, हें कधीं लिहितों काय? दहा वर्षांपूर्वीं ज्यास डोक्यावर घेतलें त्याच्याविषयीं आज मत फिरलें असतां तें कोणत्या कारणानें व किती फिरलें, असा निबंध आमच्यापैकीं कोणीं लिहिला आहे? मतें आमचींहि बदलतात. पण तीं मुकाट्यानें बदलतात, आणि जुने अंक कोणी उघडून पाहणार नाहीं या भरंवशावर आम्ही निर्धास्त असतों. एलएचसीबी मंडळानें आपला जुना अंक आपणच उघडला, आणि त्यांतील चूक आपल्याच सहीनिशीं छापली. सौंदर्याची पारख हा आमचा पिढीजात धंदा खरा. परंतु या एका बाबतींत जिनीव्हाच्या त्या सौंदर्यपरीक्षकांपाशीं आम्हांस उमेदवारी करावी लागेल, असें आम्हांस प्रांजळपणें वाटतें.